जरा सरकवलेला शंकू

मित्रांनो, मी रस्त्यावरचा एक जुना नारिंगी शंकू आहे. माझी हकीकत जरा भरभर सांगतो, कारण मला कुणी कधी उचलून नेईल याचा भरवसा नसतो.

माझा जन्म एका साच्यात झाला. तापलेलं प्लास्टिक ओतलं, थंड झाल्यावर कमरेला चमकता पांढरा पट्टा चिकटवला आणि बुडाला जड रबर बसवलं. त्या रबरामुळे मी वाऱ्याने पडत नाही. माणसांपासून बचावाची मात्र कारखान्याने काहीच सोय केली नाही. उमेदीची वर्षं मी खड्ड्यांच्या राखणीत काढली. खड्डा बुजला की मला दुसरीकडे हलवत. त्यामुळे माझा बराच काळ एकाच जागी गेला.

मग मला एका चौकात आणलं. तिथले कोपरे चांगले ऐसपैस गोल होते. वळताना वेग कमी करायची कुणाला गरजच पडत नसे. तीन-तीन गाड्या एकमेकींना खेटून वळत आणि पुढच्या रस्त्यात एकीपुरतीच जागा असल्याने सगळ्याच अडकत. मग हॉर्न वाजत. रस्ता अजून रुंद करायला हवा, यावर साऱ्या चौकाचं एकमत होतं.

तिथल्या इंजिनिअर ताईंचं मत नेमकं उलटं होतं. कोपरा आवळला तर गाड्या हळू वळतील, एकामागून एक निघतील, आणि पायी चालणाऱ्याला ओलांडायचा रस्ताही कमी होईल, असं त्या सांगत. सिमेंट ओतण्याआधी नुसतं करून तर बघू, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर नवी पांढरी रेघ आखली आणि तिच्यावर आम्हा शंकूंना उभं केलं. मी सगळ्यांत पुढे होतो. इतकी मोक्याची जागा मला कधीच मिळाली नव्हती.

ताईंचा जीव या प्रयोगात का अडकलाय, हे चौकात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्याच्या एका बाजूला त्यांची आई राहायची आणि बरोबर समोर मावशी. एका वळत्या टेम्पोने धक्का दिला, तेव्हापासून मावशीने रस्ता ओलांडणं सोडलं होतं. दोघी बहिणी आपापल्या खिडकीत बसून फोनवर बोलत. तुझा पडदा धुवायला झालाय, असं आई इकडून सांगायची. माझ्या पडद्याचं मी बघीन, तुझं दूध उतू जातंय, असं मावशी तिकडून ऐकवायची.

आता माझं दुखणं ऐका. जागा माझी होती, पण मला तिथे टिकू कोण देतंय? औषधवाला स्कूटर लावायला मला जरा सरकवायचा. बसचा कंडक्टर खाली उतरून पायाने जरा ढकलायचा. एक सज्जन आजोबा तर वाटेतला अडथळा दूर करावा म्हणून मला उचलून भिंतीशी ठेवायचे आणि समाजसेवा घडल्याच्या समाधानात फिरायला जायचे. प्रत्येकाचं 'जरा' वेगळं, पण दिशा एकच. दुपारपर्यंत कोपरा पुन्हा ऐसपैस व्हायचा. ताई यायच्या, मला रेघेवर ठेवायच्या, आणि त्यांची पाठ वळताच मी पुन्हा धास्तावायचो की आता कोण येतंय.

प्रयोग ठेवायचा की मोडायचा, हे ठरवायला एक दिवस मोठे साहेब आले. साहेबांच्या गाडीला वळताना अडचण नको, म्हणून त्यांचा ड्रायव्हर आधी खाली उतरला आणि त्याने मला व माझ्या शेजाऱ्यांना फुटपाथवर आडवं करून ठेवलं. गाडी झोकात वळली. मागोमाग बाकीच्याही वळल्या. साहेब उतरले आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी निरीक्षण केलं.

"वेग काही कमी झालेला दिसत नाही," ते म्हणाले. "मोडून टाका हे सगळं."

ताईंची नजर मला शोधत फुटपाथपर्यंत आली. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला एकेक करून उचललं, रेघेवर नीट उभं केलं, आणि साहेबांना गाडीत बसून एकदा हे वळण घेऊन बघायची विनंती केली.

"ड्रायव्हरदादा, या खेपेला उतरू नका."

"मग हळू घ्यावी लागेल, ताई."

"तेवढंच हवंय."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते गाडीत बसले.

गाडी आली. माझ्याजवळ पोहोचताच तिला मुकाट्याने हळू व्हावं लागलं. खिडकीतून सगळा प्रकार बघणारी मावशी एव्हाना खाली येऊन कडेला उभी होती, कानाला फोन तसाच. हळू झालेल्या गाडीतला ड्रायव्हर तिला दिसला आणि ती ड्रायव्हरला. त्याने ब्रेक दाबला. मावशीने एक पाऊल टाकलं, थांबली, मग दुसरं टाकलं. साहेबांना गाडीत ताटकळत ठेवून ती रस्ता ओलांडून गेली.

पलीकडे आई दारात आली होती.

"फोन ठेव आता, समोर उभी आहेस."

"तूच ठेव. लावला मी होता."

ताई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

प्रयोग राहिला. ही कल्पना आपल्याला गाडीत बसल्या बसल्या सुचली, असं साहेब पुढे सांगू लागले. काही दिवसांनी माझ्या जागी सिमेंटचा पक्का कठडा बांधला. त्याला कुणी जरा सरकवत नाही. मला त्याचा हेवा वाटला, हे लपवत नाही. काम चांगलं झालं की शंकूला उचलून नेतात, ही आमच्या धंद्याची रीतच आहे.

मित्रांनो, मी दिसलो की वाटेत आलो असं समजू नका. वाटेत उभं राहणं हेच माझं काम. मला हलवायला हात पुढे केलात, तर आधी रस्त्याच्या कडेला बघा. पलीकडे जायचं म्हणून कुणी तिथे खोळंबलेलं असेल.

आज सकाळी मला या नव्या चौकात उभं केलंय. रेघ अजून ओली आहे. बरंच सांगायचं होतं, पण थांबतो. समोरचा केस कापणारा दुकानाबाहेर आलाय, माझ्याकडेच बघत बाह्या सरसावतोय.