नीट ठेवलेली चावी

मी दुसरी चावी बोलतेय. पहिली नव्हे, दुसरी. गाडी घेतली की दोन चाव्या मिळतात. एक रोज हातात असते, दुसरी घरात कुठेतरी असते. हे 'कुठेतरी' म्हणजेच माझा पत्ता. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. ती आत्ता नेमकी कुठे आहे, चटकन सांगता येईल? नाही ना. मग पाच मिनिटं बसा आणि माझं ऐका.

आम्ही दोघी जुळ्या. एकाच यंत्रावर आमची पाती कापली, खाचेला खाच जुळवून. डोक्याच्या काळ्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवली. गाडीचं दार नुसत्या पात्याने उघडतं, पण इंजिन सुरू व्हायला गाडीला ती चिप ओळखावी लागते. गाडीला स्वतःचा छोटा मेंदू असतो. कारखान्यात मला एकदाच लावलं, माझी ओळख त्या मेंदूत नोंदवली आणि लगेच काढून घेतलं. गाडीची न् माझी भेट झाली ती तेवढीच. पण ती मला ओळखते, हे मनात धरून मी पुढची नऊ वर्षं काढली.

गाडी घेतली सरांनी. सर म्हणजे गाडी शिकवणारे. निम्म्या गावाने स्टिअरिंग धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. त्यामुळे भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सर म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. मीही तेच म्हणते.

सरांनी माझ्या बहिणीला लाल दोरा बांधला आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं. मला पाकिटात घालून, वर सुवाच्य अक्षरात 'दुसरी चावी' लिहून, टेबलाच्या खणात ठेवलं. रोज संध्याकाळी ती खिळ्यावर परत यायची. खिशात राहून कोमट झालेली असायची, तिच्या बटणांवरची चित्रं हळूहळू पुसत चालली होती. खणात पडल्या पडल्या मला तिची किणकिण ऐकू यायची. खरं सांगते, हेवा वाटायचा. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता आणि त्याचं मला काडीचं कौतुक नव्हतं.

सर निवृत्त झाले तेव्हा क्लासमधून एकच वस्तू घरी आली. बसायची एक जाड चौकोनी उशी. बुटक्या विद्यार्थ्यांना रस्ता दिसावा म्हणून सर ती त्यांच्या खाली द्यायचे. चाळिशीत काकूही त्याच उशीवर बसून गाडी शिकल्या होत्या. परक्यांवर कधी आवाज न चढवणारे सर बायकोला शिकवताना मात्र "क्लच! अगं, क्लच!" असं ओरडायचे, आणि एकदा काकू भर रस्त्यात गाडी थांबवून, चावी त्यांच्या हातात देऊन, चालत घरी आल्या होत्या. ही हकीकत त्या अजून हसत हसत सांगतात. आमच्या गाडीची सीट खटका ओढला की वर होते, त्यामुळे उशी आता सरांच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर असायची.

मग सर विसरू लागले. आधी चष्मा, मग दूधवाल्याचं नाव, मग आज कोणता वार आहे ते. आपल्या हातून काहीतरी निसटतंय हे त्यांना कळत होतं, आणि म्हणून ते वस्तू जास्तच जपून ठेवू लागले. मला खणातून कॉफीच्या डब्यात हलवलं. तिथून पुस्तकांच्या मागे. तिथेही जीव रमेना, तेव्हा एका दुपारी काकू बाजारात गेलेल्या असताना त्यांनी सुईदोरा घेतला, उशीची शिवण चार बोटं उसवली, मला कापसात खोल सरकवलं आणि टाके घातले. बारीक, एकसारखे टाके. "चोर कपाट बघेल, उशी कशाला बघेल," असं स्वतःशीच म्हणाले. हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, आणि महिन्याभरात ते स्वतःही विसरले.

तेव्हापासून सर रोज माझ्यावर बसू लागले. कापसातून मला त्यांचा खोकला ऐकू यायचा, त्यांनी पाय हलवले की कळायचं. इतक्या जवळ असूनही मी त्यांच्या लेखी कुठेच नव्हते.

एका सकाळी काकू अंघोळीला गेल्या आणि सरांनी खिळ्यावरून माझ्या बहिणीला काढलं. तीन तासांनी ते चालत घरी आले. गाडी जुन्या क्लासच्या दारात सापडली. चाकं सरळ, हँडब्रेक लावलेला, दार बंद करून व्यवस्थित कुलूप घातलेलं. सरांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही अभिमान वाटावा अशी लावलेली गाडी. चावी मात्र कुठेच नव्हती. काकूंनी तो सगळा रस्ता दोनदा पायी पालथा घातला. माझी बहीण काही मिळाली नाही.

क्रेनवाल्याने गाडी ओढत आणून खिडकीखाली उभी केली. आता घोडं अडलं ते इथे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी काकू सरांना गाडीने एका केंद्रात नेत. तिथे त्यांच्यासारखी विसरणारी माणसं एकत्र बसतात, गाणी म्हणतात, मातीची भांडी करतात. सर तिथून आले की दोन दिवस शांत असत. आणि केंद्रातले ते तीन तास काकूंचे स्वतःचे. कधी त्या गाडीतच डोळे मिटून पडत. गाडी नाही म्हणून त्यांनी एकदा सरांना टॅक्सीने नेलं. सर मागे बसून पायाने ब्रेक दाबत राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आरसा शोभेला लावलाय का?" चौथ्या सूचनेला टॅक्सीवाल्याने दोघांना वाटेतच उतरवलं. परक्या गाडीत बसायचं म्हटलं की सर त्यानंतर थरथरायला लागत.

सर्व्हिस सेंटरमध्ये काकूंनी फोन केला. एक चावी हातात असेल तर दुसरी करून देणं सोपं, खर्च आठवड्याच्या वाणसामानाएवढा. एकही नसेल तर गाडी तिकडे न्यायची, मेंदूपासून सगळं बदलायचं, तीन आठवडे थांबायचं, आणि खर्च सरांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा. काकूंनी आकडा दोनदा विचारून घेतला.

लेक धावत आली. "आई, नाकापेक्षा मोती जड झालाय. विकून टाक ती गाडी."

"आणि ह्यांना नेऊ कशी? पाठुंगळीला बांधून?"

"घरीच राहतील की."

"मग मी कुठे राहू?" काकू म्हणाल्या.

शेवटी घरी येऊन चावी करून देणारा एकजण मिळाला. तो सर्व्हिस सेंटरच्या पाव खर्चात करणार होता, तरी ओझं ते ओझंच. आला तोच सरांच्या पाया पडला. "सर, ओळखलंत का? मी तुमच्याकडे शिकलो."

सरांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "उतारावर हँडब्रेक विसरायचास तू."

चावीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नाव गेलं होतं, पण त्याची चूक सरांकडे शाबूत होती. मग तो काकूंकडे वळला. "काकू, एक सांगतो. मी नवी चावी बसवताना गाडीतल्या जुन्या ओळखी पुसल्या जातात. दुसरी चावी घरात असेल तर आत्ताच शोधा. ती मिळाली तर तुमचे पैसेही वाचतील. नंतर सापडली तर गाडी तिला ओळखणार नाही."

हे ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

सगळं घर उलथंपालथं झालं. खण उपडे झाले, कॉफीचा डबा रिकामा झाला, पुस्तकं जमिनीवर आली. खणात माझं पाकीट सापडलं, वर 'दुसरी चावी' लिहिलेलं, आत काही नाही. लेक सरांसमोर उकिडवी बसली. "बाबा, दुसरी चावी कुठे ठेवलीत?"

"नीट ठेवली आहे."

"हो, पण कुठे?"

"नीट," सर म्हणाले. त्यांना राग आला होता. नीट म्हणजे नीट, आणखी काय सांगायचं माणसाने?

लेकीला सगळ्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून बघायच्या होत्या. इतर सगळ्या बघितल्या. खिडकीजवळच्या खुर्चीशी आली तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यांना नको उठवू. आत्ता कुठे शांत झालेत." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसंच. मी ओरडू शकत नव्हते. चावीला आवाज असतो तो दुसऱ्या चावीवर आपटल्यावर, आणि माझ्या भोवती नुसता कापूस होता.

थोड्या वेळाने खाली काय चाललंय ते बघायला सर स्वतःच उठले आणि खिडकीशी उभे राहिले. काकू दमल्या होत्या. त्या सरांच्या खुर्चीत बसल्या. माझ्यावर. पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आवाज न करता, आणि त्यांचं हुंदक्यांनी हलणारं अंग मला कळत होतं. अंगठ्याने जरा जोरात दाबलं असतं तरी मी हाताला लागले असते.

खालून हाक आली. "काकू, काय करू?"

काकूंनी नाक पुसलं. "करा," म्हणाल्या.

दहा मिनिटं लागली. खिडकीखाली इंजिन सुरू झालं आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मला काही दुखलंखुपलं नाही. आपल्याला कुणी विसरतं तेव्हा आपल्याला कळत नाहीच. माझी बहीण कुठल्याशा गटाराच्या कडेला पडली असेल, तिलाही कळलं नसेल. आम्ही दोघी एकाच वेळी पुसल्या गेलो, ही त्यातल्या त्यात एकत्र झालेली गोष्ट.

अकराव्या दिवशी सरांच्या हातून उशीवर चहा सांडला. काकूंनी धुवायला म्हणून शिवण उसवली आणि मी टणकन फरशीवर पडले. काकू मला हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या. मग तशाच, हात ओले, चप्पल न घालता, जिना उतरल्या. त्यांनाही आशा होती, वेडी. पातं दारात घातलं, दार उघडलं. त्यांनी मला स्टिअरिंगखाली लावलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते ठिकाण. फिरवलं. समोर एक छोटा लाल दिवा लुकलुकला. इंजिन हूं की चूं नाही. पुन्हा फिरवलं. लाल दिवा.

"वरातीमागून घोडं," काकू हळूच म्हणाल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी चावीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुन्हा ओळख करून देता येते, काकू. थोडेसे पैसे पडतील. उद्या येऊ?"

तेवढ्यात सर मागून आले. त्यांनी काकूंच्या हातातून मला घेतलं, खाचांवरून अंगठा फिरवला. "ही माझी चावी," म्हणाले. गेले अकरा दिवस रोज जिन्यात भांडण होत होतं, "चावी दे, मी चालवणार" म्हणून. नवी चावी काकूंना ब्लाउजमध्ये लपवावी लागत होती. मला खिशात टाकल्यावर सर एकदम निवांत झाले. वर निघूनही गेले.

काकू फोन धरून उभ्या होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "आहे तशीच राहू दे."

मला वाईट वाटलं. अजून वाटतं. दहा मिनिटांचं काम होतं.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सर ड्रायव्हरच्या जागी बसतात. सीट सरकवतात, आरसा जुळवतात, मला लावून फिरवतात. लाल दिवा लागतो. सर जरा थांबतात. "गार पडलीय," म्हणतात. काकू शेजारून म्हणतात, "अहो, मला चालवू द्या ना आज. सराव राहत नाही माझा." मग सर मास्तर होतात. मला काढून घेतात, उतरतात, पलीकडच्या बाजूने येऊन बसतात. "चल. आधी आरसा." काकू नवी चावी काढतात आणि गाडी निघते.

मी हे सगळं खिशातून ऐकते. मला कोमट राहायची आता सवय झालीये. माझ्या पात्यावर ओरखडे पडलेत. तरी गाडी शेजारून माझ्या दोन हातांवर धडधडत असते आणि मला ओळखत नाही. ज्याच्या खिशात मी आहे त्यालाही मी नेमकी कोण ते रोज आठवतंच असं नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे. दुसरी चावी जपून ठेवा, पण कुठे ठेवली ते आजच घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा.

मघाशीच सरांनी मला खिशातून बाहेर काढलं, उजेडात धरून उलटसुलट बघितलं. "ही कशाची गं?"

"आपल्या गाडीची," काकूंनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं.

"मग नीट ठेवायला हवी," सर म्हणाले, आणि मला परत खिशात ठेवून वरून हात दाबून धरला.