सुपाखालचा सोऱ्या

मित्रांनो, चकलीच्या अंगावर काटे येतात कुठून, ठाऊक आहे का? माझ्या पोटातून. मी एक जुना सोऱ्या आहे, चांगला जाडजूड पितळेचा. नवसाबाई लग्न होऊन मखमलाबादला आली, त्याच वर्षी तिने मला नाशिकच्या भांडी बाजारातून घेतले. शहराला खेटून तिच्या घरची झेंडूची शेती. दसरा संपला, फुलांची घाई ओसरली, की फळीवरून मला उतरवायचे, चिंचेने लख्ख घासायचे, ही तिची दिवाळीची सुरुवात.

गल्लीत बाकीच्यांकडे पत्र्याचे सोरे होते. घट्ट भाजणी भरली की त्यांची मूठ वाकायची. म्हणून मी घरोघर जायचो. "नवसाबाईच्या सोऱ्याची चकली तुटत नाय," असे बायका म्हणत, आणि मला अभिमान वाटे. शेजारच्या कुसाबाईकडे तर मी दरवर्षी न चुकता जात असे.

मग ते आजाराचे वर्ष आले. माणसे तोंडाला फडके बांधून हिंडू लागली. देवळांना कुलुपे लागली. दसऱ्याला झेंडूला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा फुले रोपांवरच वाळली. कुसाबाईला आणि तिच्या मुलाला, संतोषला, दोघांनाही आजाराने धरले. त्यांच्या दारापुढे बांबू बांधले गेले. दोघे दवाखान्यातून बरे होऊन आले, बांबू सुटले, तरी त्यांच्या ओट्यावर कोणी टेकेना.

दिवाळी तोंडावर आली, पण नवसाबाईच्या घरात कुणाला उत्साह नव्हता. शेवटी तिची सून वेदिका म्हणाली, "आत्या, बाळाची पहिली दिवाळी आहे. थोडं तरी करू." तेव्हा कुठे मी फळीवरून खाली आलो.

त्याच दिवशी कुसाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. पार वाळली होती, पण डोळ्यांत हसू होते.

"आक्का, तुझं झालं की सोऱ्या दे. संतोष वाचला माझा. यंदा दिवाळी करायचीच."

नवसाबाईने घरात पाळण्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मोडलाय गं तो. दट्ट्याच फिरत नाय."

"आत्या!" वेदिका हळूच म्हणाली. नवसाबाईने तिला डोळ्यांनीच गप्प केले.

"असूं दे, असूं दे," म्हणत कुसाबाई परत गेली.

मागचे दार लावून त्यांनी चकल्या केल्या. मित्रांनो, त्या दिवशी माझी एकही चकली तुटली नाही. मोडका म्हणवून घेतलेला मी इतका सरळ कधीच चाललो नव्हतो, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर उन्हात वाळत होतो. कुसाबाई झाकलेले ताट घेऊन येताना दिसली, तशी नवसाबाईने झटकन माझ्यावर सूप पालथे घातले. मला अंधारात फक्त ऐकू येत होते.

"आक्का, कडबोळी वळलीत हातानं. सोऱ्या मोडला म्हणलीस, मग तुझ्याकडंबी चकल्या झाल्या नसतील. बाळाची पहिली दिवाळी, घर कोरडं कसं ठेवायचं?"

घरात अजून तळणीचा वास दाटून होता.

"चव बघून घे हां," कुसाबाई म्हणाली, "आम्हा दोघांचंबी नाक गेलंय, वास म्हणून येत नाय. अन् हे बघ, हात धुऊन, तोंड बांधून वळलीत. तरी भ्या वाटलं तर दोन दिस उन्हात ठेव, मग खा."

ताट पायरीवर ठेवून ती गेली. वेदिकाने माझ्यावरचे सूप उचलले. नवसाबाईला तिच्याकडे बघवले नाही. तिने मला उचलले आणि भर उन्हात, सगळ्या गल्लीदेखत, कुसाबाईचे दार गाठले.

"कुसा, सोऱ्या धड हाये. मी खोटं बोलले. घरात तान्हं लेकरू... भ्याले मी."

कुसाबाईने एकदा माझ्याकडे पाहिले.

"भ्या वाटतं म्हणली असतीस, तर मी रागावले नसते, आक्का. मीबी संतोषला जवळ घ्यायला भ्याले व्हते." मग खाली मान घालून म्हणाली, "पर मोडला म्हणलीस न, मी खरं मानलं. ते लागलं." तिने मला हात लावला नाही. "ने परत. भाजणीबी संपली माझी."

नवसाबाई आल्या पावली घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

भाऊबीजेला ती भाजणीचा गोळा आणि मला घेऊन पुन्हा त्या अंगणात गेली, आणि न विचारता चुलीपाशी बसली. कुसाबाईने बऱ्याच वेळाने कढई आणली. तेल तापले, चकल्या पडू लागल्या. करपल्याचा वास कुसाबाईला येणार नव्हता, म्हणून नवसाबाई कढईपासून हलली नाही. पहिल्यासारखे व्हायला पुढे पुष्कळ दिवस गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना जपा, पीठ आत वाळू देऊ नका, एवढे तर मी सांगेनच. पण दारात कोणी मागायला आले आणि तुमची द्यायची छाती झाली नाही, तर तसे तोंडावर सांगा. धडधाकट भांड्याला मोडके म्हणू नका. आम्हाला 'नाही, मी धड आहे' असे ओरडून सांगता येत नाही. सुपाखाली गप्प बसावे लागते.