छतातलं पाणी

मेट्रनबाईंनी उभं आयुष्य इस्पितळात काढलं होतं. डॉक्टरांच्या अक्षराचासुद्धा त्यांना अर्थ लागायचा, पण समोरच्या ठेकेदारांच्या कागदांचा काही केल्या लागेना.

निवृत्तीनंतर त्या आणि त्यांची नणंद मिळून वृद्धांसाठी वसतिगृह चालवत होत्या. तीन मजले, एकेचाळीस माणसं, त्यातली अकरा अंथरुणाला खिळलेली. अग्निशमन खात्याचा अधिकारी पाहणी करून सांगून गेला होता, छताला आगीवर पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवा आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या. कोणाकडून, हे विचारल्यावर मात्र, "ते मला सांगता येत नाही," म्हणून त्याने जिना धरला.

मग तीन ठेकेदार आले. पहिला कोटवाला. तो म्हणाला, "स्प्रिंकलरची शहाण्णव तोंडं लागतील. धूर दिसला की सगळ्यांतून एकदम पाऊस!" दुसरा नणंदेच्या जावयाच्या ओळखीचा. त्याने एकशे चाळीस सांगितली आणि वर म्हणाला, "धुराशी काही संबंध नाही. जिथे तापेल तेवढंच एक तोंड उघडतं." तिसरी एक ठेंगणी बाई, खांद्याला कापडी पिशवी. तिने आधी विचारलं, "उठता न येणारी माणसं कुठल्या खोल्यांत आहेत?" मग वरच्या मजल्यावरच्या नळाला काटा लावून पाण्याचा दाब बघितला आणि मान हलवली. "टाकी आणि पंप बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही."

"घ्या!" नणंद म्हणाली. "जिला आकडा येत नाही तिला काम द्यायचं? वहिनी, जावयांच्या माणसाला बोलवा आणि मोकळ्या व्हा."

"वन्सं, पण धूर खरा की उष्णता खरी?"

"मला काय विचारता! मी काय आग लावत फिरते?"

मेट्रनबाईंनी तिघांकडे परवाने मागितले. कोटवाल्याचा कागद रंगीत, शिक्क्यांनी भरलेला. पण नीट वाचला तर तो आग विझवायला भिंतीवर टांगतात त्या लाल नळकांड्यांचा परवाना निघाला. एक कमी झाला म्हणून त्यांना जरा हायसं वाटलं. जावयांच्या माणसाचा कागद बरोबर होता. पिशवीवालीचाही बरोबर होता, पण त्याची मुदत महिन्याभरात संपत होती. नूतनीकरणाच्या अर्जाची पावती तिने सोबत जोडली होती. आता ही भानगड चांगली की वाईट? मेट्रनबाई स्वतः खात्यात गेल्या. तिथल्या कारकुनाने वही चाळून अर्ज आल्याचं सांगितलं. परवाना मिळेलच का, यावर तो फक्त हसला.

मग त्या जावयांच्या माणसाचं जुनं काम बघायला एका विद्यार्थिगृहात गेल्या. तिथल्या रखवालदाराने अभिमानाने छत दाखवलं. स्प्रिंकलरच्या तोंडांवरही भिंतीसारखाच पांढरा रंग. "शोभून दिसतात ना?"

दिसत होती खरी. पण मनात काहीतरी खुटखुटलं म्हणून त्यांनी तिथूनच पिशवीवालीला फोन लावला.

"रंग बसलेलं तोंड वेळेला उघडेलच असं नाही," ती म्हणाली. "पण तो रंग त्यानेच दिला की मागून कोणी, ते मला इथे बसून कसं कळणार? त्यालाच विचारा."

मेट्रनबाई चक्रावल्या. समोरच्याचं वाईट बोलायची आयती संधी आणि ही बाई ती सोडते! त्यांनी जावयांच्या माणसाला वसतिगृहावर बोलावून विचारलं.

"रंग रंगाऱ्याचा. माझा काय संबंध?"

"तुम्ही नंतर तपासायला जात नाही?"

"काम झालं की झालं. लग्न लावून दिल्यावर भटजी काय संसार बघायला येतो?"

नणंद खळखळून हसली. मेट्रनबाईंनाही हसू आलं, पण डोळ्यांसमोर अंथरुणातली ती अकरा माणसं आली. रोग्याला औषध देऊन पुन्हा बघायला न येणारा डॉक्टर त्यांनी कधी खपवून घेतला नव्हता. पाइपांतलं त्यांना काही कळत नव्हतं, एवढं मात्र कळत होतं. नवा परवाना हातात पडला त्या दिवशी त्यांनी पिशवीवालीला काम दिलं. नणंद चार दिवस बोलली नाही.

तोंडं निघाली एकशे बावीस. म्हणजे दोघांचेही आकडे चुकले होते, आणि का चुकले हे मेट्रनबाईंना दोनदा समजावूनही कळलं नाही. नवा पंप बसला. चाचणीच्या दिवशी पिशवीवालीने सगळ्यात लांबच्या टोकाचा नळ उघडला, तर शाईसारखं काळं पाणी भसाभसा बाहेर आलं आणि वास सुटला. पाणी वाहू लागताच खाली आगीची घंटा घणघणायला लागली. वसतिगृहातले एक निवृत्त पोस्टमन काठी टेकत खोलीबाहेर आले, "कुठे लागलीय? कुठे?"

"कुठेच नाही, काका! चाचणी आहे!" मेट्रनबाई ओरडल्या. मग घाबरून पिशवीवालीकडे वळल्या. "हे काळं?"

"नवे पाइप आहेत. आधी असंच येतं."

हळूहळू पाणी स्वच्छ झालं. नणंद पदर नाकाला लावून उभी होती.

"वहिनी, कळलं का सगळं?"

"निम्मं कळलं असेल, वन्सं."

नणंदेने एक खुर्ची ओढून पिशवीवालीपुढे ठेवली, दुसरी स्वतःला घेतली. "बसा हो. धूर की उष्णता, तिथपासून सांगा."