पूजेतला ऑइल पंप

मी एक जुना ऑइल पंप आहे. धर्मराजांच्या जीपला एका ओळीत चार सिलिंडर असलेले इंजिन होते, त्याच्या पोटात मी पन्नास वर्षे काढली. तळाचे तेल ओढायचे आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागाला पोचवायचे, एवढेच माझे काम. कौतुक व्हायचे ते इंजिनाचे. मी कुणाला दिसतच नव्हतो. पण मित्रांनो, धर्मराज रोज सकाळी तेल तपासायचे. मला तेवढे पुरे होते.

मागच्या वर्षी ते गेले. "भाविकाची पाठवणी याच जीपमधून करीन," हा त्यांनी नातीला दिलेला शब्द मागे राहिला. म्हणून त्यांच्या मुलाने, दिपेशने, कोपरखैरण्याच्या कृष्णात मिस्त्रींकडे इंजिन खोलायला दिले. मिस्त्रींनी मला नव्या पंपाशेजारी ठेवले आणि माझ्या दात्यांच्या फटीत पातळ पत्ती घालून पाहिली.

"लई घासलाय ह्यो. थंड तेल उचलंल, पण तेल तापून पातळ झालं की ह्याचा जोर संपला. नवाच घालू."

सुटलो, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दिपेशची आई सगुणाबाई ताट घेऊन गॅरेजात आल्या. हत्यारांना कुंकू लावता लावता त्यांनी माझ्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि त्यांना रडू कोसळले.

"यांचे हातचा हाय तो. आनि पूजा झालेली वस्तू टाकाची नसते. तोच बसव."

"आई बोलते तर तोच टाका ना, मिस्त्री," दिपेश म्हणाला. मिस्त्री दोनदा नको म्हणाले. पण त्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे त्यांचे काही चालेना.

थंड इंजिनावर चाचणी झकास झाली. लग्नाच्या दिवशी भाविका जीपमध्ये बसली. पाम बीच रस्त्याला लागलो आणि तेल तापले. मी जिवाच्या आकांताने ओढत होतो, पण तेल माझ्याच दात्यांमधून मागे निसटत होते. बेअरिंगे कोरडी पडली, खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम झाले. नवरी दुसऱ्याच्या गाडीतून सासरी गेली.

इंजिन तळोज्याच्या भंगारात गेले. मी मात्र पूजेचा, म्हणून देवघरात आलो.

मित्रांनो, थकलेल्याला मानाने बसवा, पण माया आहे म्हणून त्याच्यावर पुन्हा भार टाकू नका. हे मी कुणाला सांगू? सगुणाबाई रोज मला फूल वाहतात आणि दिपेशला म्हणतात, "इंजिनानं दगा दिला, पन यांचा पंप बग कसा शाबूत रायला."

दिपेश उठून बाहेर जातो.