वरचं

तांड्यात शब्दाची पक्की बाई कोण, असं विचारलं असतं तर कोणीही मानीबाईकडं बोट दाखवलं असतं. म्हणून पोळा झाल्यावर आर्णीच्या दवाखान्यातल्या सुहासिनी नर्सबाई तांड्यावर आल्या आणि तिच्या नातीला, बिजलीला, पाहून जे बोलल्या, ते मानीबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "आजी, नुसतं आईचं दूध आता हिला पुरायचं नाही. वरचं सुरू करा. घरात तुरीचं वरण शिजतं ना? मग रोज वरचं द्या, हयगय करू नका."

आता वरचं म्हणजे आईच्या दुधाखेरीज बाकीचं खाणं, हे शहरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. पण मानीबाईच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली, मराठी काय ती बाजारापुरती. तिनं वरचं म्हणजे वरचंच धरलं. आणि कायले नाही धरणार? दुधाची साय वर येते, ताकाचं लोणी वर येतं. चांगलं ते वर अन् गाळ खाली, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

तर रोज वरण शिजलं की ती गंज चुलीवरून उतरवून निवांत ठेवायची. डाळ खाली बसली की वरचं पिवळं, निवळशंख पाणी पळीनं अलगद काढायची आणि मांडीवर घेऊन बिजलीला चमच्यानं पाजायची. तोवर गंजाला कोणाचा हात लागू द्यायची नाही. लेक लालसिंग वावरातून भुकेला यायचा, कुरकुरायचा. "थांब न जरा," ती म्हणायची, "बिजलीचं काढू दे आधी." मग खालचं घट्ट वरण बाकीचे भाकरीशी खायचे.

दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी जोरात आली. सून जमनी दिवसभर वावरात, पोरगी आजीजवळ. बिजलीचे गाल फुगले, पाय गुबगुबीत झाले. शेजारच्या बसंतीबाईनं तोंड भरून कौतुक केलं, बाळसं धरलं म्हणाली. मानीबाईनं दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली. मनातून ती फार सुखावली होती.

जमनीला मात्र चैन पडेना. पोरीचे केस तांबूस, विरळ होत चालले होते. ठेवली तिथं ती बसून राहायची. एका संध्याकाळी जमनी म्हणाली, "याडी, बाळसं धरलेलं लेकरू हासते. हे हासत काहून नाही?" सासूला ती याडी, म्हणजे आईच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी लालसिंगनं बैलगाडी जुंपली. दवाखान्यात नर्सबाईंनी बिजलीच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

"ही सूज आहे, आजी. काय खायला घालता हिला?"

"तुमी सांगतलं तेच. वरचं." मानीबाईनं हातानं पळी धरून डाळीवरचं पाणी कसं काढते, ते करून दाखवलं. सांगताना तिला अभिमानच वाटत होता.

नर्सबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. अंगाला लागायचं ते सगळं तळाशी राहिलं होतं आणि पोरीच्या पोटात नुसतं पाणी गेलं होतं. "चूक माझ्या बोलण्याची आहे, आजी."

"बोलणं तुमचं, पण हात माहा होता न, बाई."

तळचं घट्ट वरण, त्यात भाकरीचा मऊ कुस्करा, थोडं तेल, घडीघडीला थोडंथोडं, आणि आईचं दूधही चालू ठेवायचं, असं नर्सबाईंनी बजावलं. "उद्या सकाळपर्यंत खायला लागली नाही, तर तशीच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर पोर हाती लागायची नाही."

घरी येतात न येतात तो बसंतीबाई हजर. "सुजल्या लेकराले जड चारतेस? लंघन कर, मानी. आपल्यात असंच करतात."

तांड्यात तसं करत होतेच. मानीबाईलाही भीती वाटत होतीच. तिनं बिजलीचं पाऊल हातात घेतलं, स्वतःचा अंगठा दाबला आणि तो खड्डा बघत राहिली.

"माहीत नव्हतं तवा उपाशी ठेवलं," ती म्हणाली. "आता माहीत होऊन ठेवू काय?"

जमनीनं वाटी घेतली. घास तोंडात गेला की बिजली जिभेनं बाहेर ढकलायची. पुन्हा घातला, पुन्हा ढकलला. तिला घट्ट काही ठाऊकच नव्हतं. ती आजीच्या चमच्याकडं हात करून रडू लागली. तिला तेच पाणी हवं होतं. दिवेलागण झाली तरी रडणं थांबेना.

"याडी, दे न थोडंसं वरचं," जमनी रडत म्हणाली. "माहा जीव तुटून राह्यला."

"नाही."

मानीबाईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि वरणाचा कुस्करा बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आत लावला. बिजलीनं तो थुंकून टाकला. तिनं पुन्हा लावला. नात ज्या पाण्यासाठी तळमळत होती ते हाताशी असून देता येत नव्हतं, आणि त्याची चटक तिनंच लावली होती. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण बोट थांबलं नाही.

रडून दमलेल्या बिजलीनं शेवटी तोंड मिटलं आणि ती बोट चोखायला लागली. घास खाली गेला. मग तिनं भुकेनं बोट आणखी आत ओढलं, आणि नुकते फुटलेले दात त्यात जोरानं रुतले. मानीबाईनं बोट काढलं नाही.