चुकून वाजलेली शिट्टी

अश्वजितच्या आईला, म्हणजे नागपूरच्या लीलाबाईंना, एक गोष्ट काही केल्या पटत नसे. एवढा शिकवून जर्मनीला धाडलेला पोरगा, रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात चांगला इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून शिट्ट्या मारत काय हिंडतो! बरं, एकटा हिंडला असता तर गोष्ट वेगळी. याने बायकोलाही नादी लावलं. "सून तरी धड निघेल असं वाटलं होतं," लीलाबाई फोनवर म्हणत, आणि ती सून, मैत्री, अश्वजितच्या शेजारी बसून खुदुखुदु हसे.

जर्मनीतल्या येना शहरात शिकत असताना अश्वजित अमेरिकन फुटबॉल खेळायला गेला होता. हौस दांडगी, ताकद बेताची. पहिल्याच हंगामात खांद्याचं हाड मोडून घेतलं. तरी खेळ सुटेना, म्हणून तो पंच झाला, आणि त्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नियम तोंडपाठ, आवाज खणखणीत, डोकं थंड. खालच्या लीगमध्ये तो आता मुख्य पंच होता. या खेळात बाकीचे पंच काळी टोपी घालतात, मुख्य पंच एकटा पांढरी. तीच टोपी घालून वरच्या लीगच्या मैदानावर उतरायचं, एवढंच खूळ त्याच्या डोक्यात होतं. त्या रविवारी न्युरेम्बर्गच्या सामन्याला वरच्या लीगचे पंच निवडणाऱ्या फ्राउ ब्रांडल, म्हणजे ब्रांडलबाई, स्वतः येऊन बसल्या होत्या, मग काय विचारता! गडी सकाळपासून नीट जेवलासुद्धा नव्हता.

सगळ्या पंचांच्या कानात छोटे रेडिओ असतात. कोणाला काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं, आणि तेही जर्मनमध्येच, सगळ्यांना कळेल असं. फ्राउ ब्रांडलच्या कानातही तोच आवाज जात होता.

शेवटचा टप्पा. यजमान संघाचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन कडेने पळाला, चारपाच जण त्याच्यावर तुटून पडले, आणि त्या ढिगातून हा पठ्ठ्या सुटला तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे! स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. पण मध्येच एक शिट्टी वाजली होती. कडेला पंच म्हणून उभ्या असलेल्या मैत्रीची.

शिट्टी वाजली की डाव तिथेच संपतो; पुढे कोणी कितीही धावो, गुण नाहीत. आता, ढिगाखाली त्या गड्याचा गुडघा जमिनीला टेकला असेल तर शिट्टी बरोबर, कोणाचीच चूक नाही. नसेल टेकला, तर पंचांनी माती खाल्ली असं सगळ्यांदेखत कबूल करायचं आणि संघाला तो डाव पुन्हा खेळू द्यायचा. ढिगाखालचं मैत्रीखेरीज कोणालाच दिसलेलं नव्हतं.

अश्वजितने रेडिओचं बटण दाबलं आणि तोंडून मराठीच बाहेर पडलं. "मैत्री, गुडघा टेकला होता ना? टेकला होता म्हण."

क्षणभर काहीच आलं नाही. मग तिचा आवाज आला, सावकाश, जर्मनमध्ये. "नाइन, नाही. गुडघा टेकला नव्हता. शिट्टी माझी, आणि चुकीची."

अश्वजितने मैदानाचा माईक सुरू केला. शिट्टी कोणी वाजवली हे मुख्य पंच कधीच सांगत नाही. शिव्या त्याच्याच वाट्याच्या. "शिट्टी चुकून वाजली. गुण रद्द. डाव पुन्हा," त्याने जाहीर केलं. काय ओरडले लोक! प्लास्टिकचे पेले भिरभिरत आले. पुन्हा खेळलेल्या डावात काही निघालं नाही, आणि यजमान हरले.

सामना संपल्यावर फ्राउ ब्रांडल पंचांच्या खोलीत आल्या. "तुम्ही तुमच्या भाषेत काय विचारलंत?" त्यांनी शांतपणे विचारलं.

काय दिसलं ते विचारलं, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मराठी कळणारं तिथे दुसरं होतं कोण? मैत्री खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसली. अश्वजितला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"टेकला होता म्हण, असं सांगितलं मी तिला."

"गेनाऊ, अगदी तेच," फ्राउ ब्रांडल म्हणाल्या. "उत्तरावरूनच कळलं होतं. खरं सांगितलंत, बरं वाटलं. पण वरच्या लीगला माझ्याकडे यंदा एकच जागा आहे." आणि त्या मैत्रीकडे वळल्या. "शिट्टी कोणाचीही चुकते. तुम्ही याल का?"

दोघं गाडीपाशी आली.

"मी नाही म्हणून कळवते त्यांना," मैत्री म्हणाली.

"खबरदार!" अश्वजित एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या गाडीतली म्हातारी दचकली. मग आवाज उतरला. "एक विचारू? मैदानात मी गुडघ्याचं विचारलं, तेव्हा तू लगेच नाही म्हणाली नाहीस. थांबलीस."

"हो म्हणणार होते रे. तोंडावर आलं होतं." तिने डोळे पुसले. "मग वाटलं, आज हो म्हटलं तर यापुढे तू मला काहीही विचारलंस, तरी मी तुला हवं तेच बोलतेय का, हे तुला कधी कळणारच नाही."

अश्वजितने तिच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.