आईच्या कोपराच्या मापाचा ओटा

आमची आई उंचीला जेमतेम साडेचार फूट. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं कुणी म्हणालं की ती म्हणते, "कीर्तीचं राहू दे, तो वरचा डबा काढून दे." बाबा मात्र ताडमाड. मी त्यांच्यावर गेले.

त्यांनी घर घेतलं तेव्हा गवंड्याने स्वयंपाकाच्या ओट्याची उंची विचारली. बाबांनी टेप जमिनीपासून आईच्या कोपरापर्यंत धरली आणि म्हणाले, "याच्या चार बोटं खाली." तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दिव्यांची बटणं, खुंट्या, दाराची कडी, बाथरूममधला आरसा, सगळं आईच्या मापाचं. त्या आरशात बाबांना स्वतःच्या शर्टाची बटणं तेवढी दिसायची. दाढी करायची तर गुडघ्यात वाकायचं. भांडीही बाबाच घासायचे, त्या बुटक्या ओट्यावर, त्यामुळे कंबर कायमची धरलेली. पण तक्रार करतील तर शपथ!

मग आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे घर विकून माझ्या गल्लीतलं तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलं. याला चांगला भाव आला तरच ते जमणार होतं.

एजंट आला, घरभर फिरला आणि ओट्यापाशी थबकला. "इथे बालवाडी होती का?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच कागदात डोकं घातलं. म्हणाला, "रंग द्या, नळ बदला. पण आधी ओटा उंच करा. गिऱ्हाईक स्वयंपाकघर बघून भाव ठरवतं."

बाबांनी रंग दिला, नळ बदलले, आरसासुद्धा वर नेला. ओट्याचं नाव काढलं की मात्र कानावर हात. "विकलं जाईपर्यंत तिने काय टाचा उंचावून स्वयंपाक करायचा?" गिऱ्हाइकं यायची, ओट्याशी वाकायची, एकमेकांकडे बघून हसायची आणि जायची. माझं डोकं फिरलं.

"बाबा, असंच चाललं तर आई जिने चढतच राहील!"

"मी उचलून आणेन तिला."

त्या कंबरेने! बोला आता.

शेवटी आईनेच सूत्रं हातात घेतली. बाबांना माझ्याकडे अडकवून ठेवायचं काम माझं. माझा धडधाकट नळ मी ढिला केला आणि बाबांना दुरुस्तीला बोलावलं. इकडे आईने ताकास तूर लागू न देता गवंडी आणला.

बाबांना घेऊन मी परत आले तेव्हा ओटा आईच्या छातीला लागत होता.

"हे काय गं?" बाबा ओरडलेच.

"मी करून घेतलं. तुमची कंबर इतकी वर्षं मला दिसली नाही असं वाटलं का? बुटकी आहे मी, आंधळी नाही."

बाबांनी एकदा ओट्याकडे, एकदा आईच्या पायांकडे पाहिलं. मग माळ्यावरच्या जुन्या फळ्या काढल्या आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी ओट्याइतकी लांब चौकी ठोकून आईच्या पायाखाली सरकवली. आई चौकीवर चढली आणि पहिल्यांदाच बाबांच्या खांद्याला लागली. दोघं अशी काही लाजली की मीच बाहेर जाऊन बसले.

घर विकलं गेलं, मनासारख्या भावाला. नव्या घरी सामानाची खोकी अजून बांधलेली होती, तोच बाबा टेप घेऊन आईच्या कोपरापाशी उभे.

"पुरे झालं," आई म्हणाली. "चौकी आणलीय ना? तुमच्या कंबरेचं काय? आणि उद्या हे विकायची वेळ आली तर भाव पडेल."

"चौकीवरून चढ-उतार करायला तुझे गुडघे कुठे धड आहेत? मी भांडी खुर्चीवर बसून घासेन. आणि हे घर आपण कशाला विकतोय? आता इथून कुठे जायचंय आपल्याला?"

आईने हात कोपरात वाकवून धरला. मलाही एकदम समजलं. बाबा माझ्याकडे वळले, जरा ओशाळून.

"विकायचं तर तुलाच आहे बेटा, पुढे कधीतरी. तुझा भाव थोडा पडेल. चालेल ना?"

 मी खाली बसले आणि टेपचं टोक जमिनीला घट्ट दाबून धरलं.